दर्या कुणी राखला?

१८८३, आश्विन

पाऊस सरलाय. वाळू अजून ओलसर आहे आणि पायाखाली घट्ट लागते. तुम्ही मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभे आहात. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, मागे माडांची दाटी. तुमचे परके कपडे बघायला इथे कुणाला सवड नाही, कारण सगळ्यांचे डोळे पाण्यावर आहेत. माडाच्या बुंध्याशी एक म्हातारा मघापासून एकाच दिशेला बघतोय. तुम्हाला तिथे नुसतं पाणी दिसतं. त्याला दिसतं की एका पट्ट्यात पाण्याचा रंग गडद झालाय आणि त्यावर पाखरं घिरट्या घालताहेत. तो हात वर करतो आणि सगळा किनारा पळू लागतो.

होडी लाटेवर चढते. दोराचं एक टोक वाळूवर राहतं. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक बरंच लांब, पुन्हा किनाऱ्याला आणून देते. दोन्ही टोकांशी माणसांच्या रांगा लागतात. गाबीत मच्छीमारांतले पुरुष, बायका, पोरं, वाटेनं चाललेला एखादा पाहुणासुद्धा.

"उभ्यान काय बघतास? दोरी धरा!" कुणीतरी तुमच्यावर ओरडतं. "हात लावल्यार वाटो गावतलो."

तुम्ही दोर धरता. काथ्या तळहाताला सोलतो. एक पाऊल मागे, मग आणखी एक. ऊन वर चढतं, सावल्या आखडतात, तरी जाळं अजून पाण्यातच. शेवटी उथळ पाण्यात चांदी उसळू लागते. बांगडे, तारले, पेडवे, मधूनच एखादं मुडदुसं. ही रापण. जाळं एका मालकाचं नाही. घराघरानं आपापला तुकडा आणून जोडलेला असतो. म्हणून वाटे पडतात ते जाळ्याच्या तुकड्याचे, होडीचे आणि ओढणाऱ्या हातांचे. तुमच्यासमोरही मूठभर बांगडे पडतात. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारलेलं नाही.

आता जाळं जवळून बघा. सुती आणि तागाचा धागा, तो कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलेला. तरीही तो कुजतो, फाटतो, वाळवावा लागतो, पुन्हा विणावा लागतो. भिजल्यावर त्याचं वजन इतकं होतं की पन्नास माणसं घामाघूम होतात. आणि ते पोचतं तरी किती लांब? होडी दोर नेईल तिथवर. त्याच्या पलीकडे शिडाच्या होड्या गळ टाकून इसवण, म्हणजे सुरमई, धरायला जातात, पण वारा परवानगी देईल तेवढंच.

हे चित्र सुंदर आहे, पण त्यातली एक गोष्ट नीट बघून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक थांब्यावर ती लागणार आहे. इथे नासाडीही आहे. सरकारच्या मिठावरच्या करामुळे मीठ महाग आहे. एकाच दिवशी फार मासळी लागली की ती सगळी खारवता येत नाही आणि उरलेली माडांच्या मुळाशी खत म्हणून जाते. ही माणसं कमी धरतात ती संत आहेत म्हणून नव्हे, त्यांचा हात तेवढाच पोचतो म्हणून. आणि पावसाळ्यात तर तो अजिबात पोचत नाही. ज्येष्ठातला पहिला मोठा वारा सुटला की होड्या वर ओढल्या जातात, झावळ्यांखाली झाकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय कुणी त्यांना हात लावत नाही. त्याच दिवसांत खोल पाणी वर येतं, किनाऱ्याजवळचं पाणी मासळीच्या खाद्यानं भरतं आणि अनेक जाती अंडी सोडतात. निसर्गाचा विणीचा काळ आणि माणसाच्या सक्तीच्या विश्रांतीचा काळ एकमेकांवर बरोबर बसलेले आहेत.

ह्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलंय. त्यात थॉमस हक्स्ले हा नामांकित शास्त्रज्ञ सांगतो की समुद्रातली मोठी मासेमारी बहुधा कधीच संपणार नाही. निसर्ग माशांना इतक्या संख्येनं मारतो की माणसानं धरलेल्याचा हिशेबही लागणार नाही, असा त्याचा तर्क आहे. रे लँकेस्टर नावाचा दुसरा शास्त्रज्ञ तिथेच त्याला विरोध करतो. पण लोकांना आवडतं ते हक्स्लेचं म्हणणं. दांडीच्या वाळूवर उभं राहून बघितलं तर ते खरंही वाटतं. हक्स्ले डोळ्यांसमोरच्या साधनांवरून बोलतोय आणि तीच बदलायला लागली आहेत.

१९२२, मुंबई

इथे क्षणभरच थांबा. बंदराबाहेर एक वाफेवर चालणारं जहाज तळाला जाळं टेकवून ते फरफटत नेतंय. नाव 'विल्यम कॅरिक'. मुंबई सरकारनं ट्रॉलिंगचा प्रयोग करून बघायला ते कामाला लावलंय. धुराचा वास, साखळ्यांचा खडखडाट, डेकवर ओतलेला चिखल आणि त्यात वळवळणारे जीव. हा प्रयोग पैशात बसत नाही आणि गुंडाळला जातो. खर्च निघाला नाही म्हणून दर्या आणखी काही दशकं वाचतो. हेही लक्षात ठेवा: ह्या वेळीही त्याला कुणी ठरवून वाचवलेलं नाही.

१९७२, गोव्याचा किनारा

डिझेल इंजिनाची धडधड तुमच्या छातीत घुमते. देश स्वतंत्र झालाय, गोवा १९६१ मध्ये मुक्त झालाय आणि सरकारला मासळीचं उत्पादन वाढवायचं आहे. त्यामागची भावना खोटी नाही. लोक उपाशी आहेत, मच्छीमार गरीब आहेत. १९५२ मध्ये नॉर्वेशी करार होऊन केरळात यांत्रिक होड्यांचा प्रकल्प सुरू झाला आणि ते वारं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. कर्ज मिळतं, अनुदान मिळतं. सुती धाग्याची जागा नायलॉननं घेतली आहे. ते कुजत नाही, जड होत नाही आणि पाण्यात नजरेला पडत नाही. ह्याच वर्षी सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारनं स्वतंत्र प्राधिकरण नेमलंय. कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव आहे.

तुम्ही ट्रॉलरच्या कडेला रेलून बघताय. जाळ्याच्या तोंडाशी दोन जड फळ्या आहेत. त्या पाण्याच्या दाबानं दोन बाजूंना फाकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. जाळं तळावरून घासत चाललंय. कोळंबी उथळ पाण्यात मिळते, म्हणून ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून फिरतोय, नेमका जिथे रापण पडते तिथे. तासाभरानं जाळं वर येतं आणि डेकवर ढीग ओतला जातो. खलाशी उकिडवे बसतात. कोळंबी एका पाटीत. मोठी मासळी दुसऱ्या पाटीत. उरलेलं, म्हणजे बोटभर मांदेल्या, कागदासारखे पातळ लेपे, चिमुकले खेकडे, शंख, आणि ओळखू न येणारी असंख्य पिल्लं फावड्यानं परत पाण्यात. त्यातलं बहुतेक मेलेलं असतं.

एक पोरगा हातावर एक मासा घेऊन दाखवतो. पापलेटाचं पिल्लू, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. त्यानं अजून एकदाही अंडी दिलेली नाहीत आणि आता देणारही नाही.

१९७८, पणजी

रस्ता माणसांनी भरलाय. उन्हानं रापलेले चेहरे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, घोषणा कोंकणीत. हे गोव्याचे रापणकर. त्यांची मागणी ऐका. ट्रॉलर बंद करा, असं ते म्हणत नाहीत. किनाऱ्यालगतचं पाणी आमच्यासाठी ठेवा, एवढंच म्हणतात. त्यांच्या पुढाऱ्यांत माथानी साल्ढाणा आहेत. समुद्रात होड्या आणि ट्रॉलर एकमेकांना भिडले आहेत, जाळी कापली गेली आहेत, मारामाऱ्या झाल्या आहेत. असाच संताप केरळात आणि तमिळनाडूतही पेटलाय. ह्याच वर्षी ठिकठिकाणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना एकत्र येऊन देशपातळीवरचा मंच उभा करतात.

गर्दीत उभं राहून तुम्हाला एक गोष्ट कळते. पर्यावरण हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही, पण आपल्या देशात समुद्र राखण्याची पहिली मोठी चळवळ हीच आहे. ती विद्यापीठातून आलेली नाही. रापण रिकामी येऊ लागली त्या वाळूवरून ती आली आहे.

आणि ती काहीतरी मिळवते. १९७९ मध्ये केंद्र सरकार सागरी मासेमारी नियमनाचा नमुना कायदा राज्यांना पाठवतं. १९८० मध्ये गोवा आणि केरळ आपापले कायदे करतात, १९८१ मध्ये महाराष्ट्र. त्याच १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला येतो. महाराष्ट्रात किनाऱ्याजवळ कुठे पाच, कुठे दहा वाव खोलीपर्यंतचं पाणी ट्रॉलरला बंद होतं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरतं ते अंतर, साधारण सहा फूट. पहिल्यांदाच माणसानं पाण्यावर एक रेघ ओढली आहे: इथवर तुझं, इथून माझं. मात्र पाण्यावरची रेघ कुणी राखली तरच राहते, आणि ती राखायला लागणारी गस्तीची नौका बहुतेक दिवशी तिथे नसते.

१९८७, मालवण

पुन्हा दांडीवर या. पाण्यात डोकं घाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी प्रवाळ आहे. किनाऱ्याजवळ गढूळ पाण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते खोटंच वाटेल. त्याच्या फटींत रंगीत मासे, खडकावर समुद्री काकड्या, वर पाण्यात हलणारा कोवळा उजेड. ह्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सरकारनं इथला २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केलाय. किल्ला आणि पद्मगड बेटाच्या आसपासचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभा क्षेत्र.

आता डोकं वर काढा आणि किनाऱ्यावरच्या बैठकीत जाऊन बसा. हवा तापलेली आहे. बंदी कुणावर? रापणीवर? आमच्या आज्यापणज्यांनी जे पाणी राखलं त्यातून आम्हालाच बाहेर काढणार? नकाशा कुणी काढला, कुणाला विचारून काढला? प्रश्नांना उत्तर नाही, कारण उत्तर देणारा तिथे आलेलाच नाही. हा विरोध पुढे दशकानुदशकं चालतो आणि अभयारण्य बरंचसं कागदावरच राहतं.

ह्यात मला दोन्ही बाजूंचं नुकसान दिसतं. प्रवाळ राखायलाच हवं होतं. माशांच्या पिल्लांना लपायला जी जागा लागते ती तिथेच आहे आणि तिथली वाढलेली मासळी अखेर मच्छीमाराच्याच जाळ्यात येते. हे समजावून सांगता आलं असतं, पण त्यासाठी आधी वाळूवर मांडी घालून बसावं लागलं असतं. संरक्षण म्हणजे हुसकावणं, अशी समजूत एकदा झाली की चांगल्या नियमाकडेही माणूस संशयानं बघतो.

२०१७, मध्यरात्र

दांडीवर अंधार आहे, पण क्षितिजावर नाही. तिथे पांढऱ्या दिव्यांची रांग लागली आहे, जणू समुद्रात एखादं शहर वसलंय. तुमच्या शेजारी बसलेला रापणकर तिकडे बघत नाही. सकाळी त्यानं चाळीस माणसांसह दोर ओढला होता. वाट्याला आलं ते घरच्या कालवणापुरतं.

त्या दिव्यांपर्यंत चला. एका नौकेवर जनरेटर गुरगुरतोय आणि हजारो वॉटचे एलईडी दिवे पाण्यात आणि पाण्यावर पेटलेत. उजेडाला भुलून मासळी वर येते, लहान-मोठी, अंडी भरलेली, सगळी. मग पर्ससीन नौका तिच्याभोवती वर्तुळ घेते. शेकडो मीटर लांबीचं जाळं भिंतीसारखं खाली उतरतं आणि तळाची दोरी यंत्रानं ओढली की बटव्याचं तोंड आवळावं तसं ते खालून बंद होतं. त्या वेढ्यातून काही सुटत नाही. ज्या थव्यासाठी १८८३ मध्ये म्हातारा तासन् तास डोळे ताणून उभा होता, तो आता पडद्यावर ठिपक्यांत दिसतो. ज्याला पन्नास माणसांचा अर्धा दिवस लागायचा, ते यंत्र थोड्या वेळात उरकतं आणि एका ओढीत कित्येक टन वर घेतं.

ह्या नौकेवरचे खलाशी खलनायक नाहीत. त्यांच्यापैकी अनेकजण दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेत. मालकाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि डिझेल रोज महाग होतंय. मासळी कमी झाली म्हणून तो अधिक ताकदीचं इंजिन लावतो, आणि अधिक ताकद लावली म्हणून मासळी आणखी कमी होते. आपण थांबलो तर शेजारचा धरणारच, ही भीती सगळ्यांना एकाच वेळी पुढे ढकलते.

कायदा काय करतोय? ५ फेब्रुवारी २०१६ ला महाराष्ट्र सरकारनं डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर आधारित आदेश काढला. राज्याच्या पाण्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, नौकांची संख्या टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी दिवे पेटतच राहिले. पुढे २०१९ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत महाराष्ट्राची मासळी सुमारे दोन लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ह्या वादळांनीही होड्या बंदरात अडकवून ठेवल्या होत्या, हे खरं. समुद्र तापतोय, तारल्यांसारखी मासळी काही वर्षं आपोआप येते-जाते, हेही खरं. सगळ्याचा दोष एका जाळ्यावर टाकता येणार नाही. पण ज्या घराला वादळ सोसायचं आहे त्याच्या भिंती आपण आधीच पोखरून ठेवाव्यात, हे शहाणपण नव्हे.

आज

तुम्ही परत आपल्या वर्षात आला आहात. आजचे नियम १८८३ च्या माणसाला ऐकवले तर तो चकित होईल. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी. राज्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर एलईडी मासेमारीला वीस लाखांपर्यंत दंड. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान आणि ५४ जातींसाठी किमान आकार, त्याहून लहान मासा धरायचा नाही. २०२५ पासून किनाऱ्यावर पाळत ठेवायला ड्रोन. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

ह्या यादीतल्या शेवटच्या नियमाकडे नीट बघा. त्यात मच्छीमाराला धमकी नाही, त्याच्या खर्चाचा हिशेब आहे. जीव वाचवण्याची किंमत एकट्या गरिबानं मोजू नये, इतकी साधी गोष्ट त्यात मान्य केली आहे. म्हणून लोक जाळी कापतात, सुटणाऱ्या जिवाचं चित्रण करून पाठवतात. ज्या नियमात धरणाऱ्याचा वाटा आहे तो पाळला जातो. अभयारण्याच्या वेळी नेमकी हीच गोष्ट राहून गेली.

आता १८८३ चा आणि आजचा पावसाळा शेजारी ठेवा. तेव्हा कायदा नव्हता, तरी दर्या नारळी पौर्णिमेपर्यंत बंद होता. आज कायदा आहे आणि तो बहुतेक वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच संपतो. बंदी आणखी वाढवा, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनाच करत आल्या आहेत. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते अधिक दिवस उपाशी राहायला तयार आहेत. त्यांना हवी आहे ती एकच खात्री: आम्ही थांबलो तर सगळेच थांबतील. ही खात्री ते एकटे निर्माण करू शकत नाहीत. ती गस्तीच्या नौकेनं, परवान्याच्या काटेकोर नोंदीनं आणि दंड खरोखर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यानं द्यायची असते. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरसाठी तर राज्यांनी एकत्र बसून ती द्यायची असते, कारण बांगड्याला गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशा सीमा ठाऊक नाहीत.

आशेला जागा आहे, आणि ती भाबडी नाही. आपला बांगडा वर्षभरात वयात येतो. थंड समुद्रांतल्या कॉडसारखी त्याला कित्येक वर्षं वाट बघावी लागत नाही. एक हंगाम त्याला धड मिळाला, पिल्लांना सोडणाऱ्या मोठ्या आसाचं जाळं लागलं, कांदळवन आणि प्रवाळ शाबूत राहिलं, तर फरक आपल्याच आयुष्यात दिसू शकतो. घोळीसारखे मोठे मासे सावकाश वाढतात, त्यांच्यासाठी धीर धरावा लागेल.

तुमचं कामही इथेच आहे, बाजारात. तळहातात मावणारं पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, आणि विकणाऱ्या मावशींना का घेत नाही ते सांगा. त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं, पण गिऱ्हाईक मागतं म्हणून त्यांना ठेवावं लागतं. पावसाळ्यात ताजी सुरमई मागण्याऐवजी सुकट, काड्या, खारा बांगडा खा. कोकणानं पिढ्यान्पिढ्या आषाढ-श्रावण असेच काढले. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या जिल्ह्यात गस्तीच्या नौका किती आहेत आणि त्या किती रात्री पाण्यात असतात.

जवळजवळ दीडशे वर्षांच्या ह्या प्रवासात आपण एकदाही दर्या स्वतःहून राखलेला नाही. आधी वाऱ्यानं राखला, कुजणाऱ्या धाग्यानं राखला, न परवडणाऱ्या कोळशानं राखला. ते सगळे राखणदार आपण एकेक करून निवृत्त केले आणि त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. ती जागा आता आपल्यालाच घ्यावी लागेल, रापणकर, ट्रॉलरमालक, शास्त्रज्ञ, अधिकारी आणि खाणारे, सगळ्यांनी एका बैठकीत बसून, कुणी किती आणि केव्हा थांबायचं हे ठरवून. पुढच्या हंगामाच्या आधी ती बैठक बसावी.